दुपारची खोली

मागच्या महिन्यात अमरावतीला एक कार्यशाळा होती, लहान मुलांसाठी आणि किशोरांसाठी काम करणाऱ्या ग्रंथपालांची. निवृत्त माणसाला अशा ठिकाणी पहिल्या रांगेत बसवतात, शाल घालतात आणि दोन शब्द बोला म्हणतात. ते दोनावर थांबत नाहीत हे माहीत असल्यामुळे समोर घड्याळही ठेवतात. विषय होता ‘साधने आणि संधी’. पडद्यावर रंगीत खुर्च्या, घसरगुंडी जोडलेलं पुस्तकांचं कपाट, कानाला लावून गोष्टी ऐकायची यंत्रं असं बरंच काही दाखवून झालं होतं. मग एका तरुण ग्रंथपालानं मला विचारलं, “मॅडम, तुमच्या सुरुवातीला मुलांसाठी काय साधनं होती?” मी म्हटलं, “एक माठ, वाळ्याची ताटी आणि फाटकी सतरंजी.” सगळे हसले. मीही हसले. पण परतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूर मागे पडल्यावर डोळे मिटले तर नाकात ओल्या वाळ्याचा वास आला, आणि मग अकोल्यापर्यंत मी त्या खोलीतच होते.

आम्ही जठारपेठेत राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत बाबांचे खाकी कपडे वाळत घातलेली दोरी. बाबा एसटीचे ड्रायव्हर होते, अकोला-अमरावती मार्गावर. घरात ते फार बोलत नसत. दिवसभर इंजिन बोलतं, मी कशाला बोलू, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळा लागला की आमच्या स्टोव्हवर दोन पातेली चढायची. एकात कुरड्यांसाठी गव्हाचा चीक शिजायचा, पांढरा, लुसलुशीत, दूध-साखर घालून खाल्ला तर माणूस दुसरं काही मागत नाही. दुसऱ्यात आई मैद्याची खळ शिजवायची, फाटकी पुस्तकं चिकटवायला. तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद पडायचं, आणि मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याला आईनं बाहेरून लाल रंगाची पट्टी ओढली होती आणि आम्हा भावंडांना दम भरला होता. खळीची निळसर झाक सोडली तर दोन्ही दिसायला सारखीच. मला अजूनही कुठं चीक शिजताना दिसला की आधी पातेल्याची पट्टी बघावीशी वाटते.

आई शहरातल्या एका जुन्या वाचनालयात मदतनीस होती. म्हातारे ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून त्यांची खुर्ची रिकामी होती आणि काम सगळं आईच करायची. पण तिचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं, म्हणून खुर्ची रिकामीच. आई त्या खुर्चीवर ओलं फडकं वाळत घालायची. वाचनालय सकाळी उघडायचं आणि संध्याकाळी. दुपारी बंद. ही आमच्याकडची रीतच होती, कारण मे महिन्यात दुपारी अकोल्यात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. पण आईला दुपारीच जावं लागायचं. खळ दुपारच्या उन्हात चटकन वाळते. मागच्या बाजूला, गल्लीकडे दार असलेली एक लांबट खोली होती. बालविभागाचं कुलूपबंद कपाट तिथंच होतं. आई खिडकीच्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायची, माठ भरायची आणि सतरंजीवर फाटकी पुस्तकं मांडून बसायची. मला सोबत न्यायची, कारण घरात राहिले तर मी चीक संपवायचे.

पोरं आधी पाण्यासाठी आली. गल्लीत माठ कुणाचा गार आहे हे पोरांना न सांगता कळतं. पाणी पिऊन ती रेंगाळायची, कारण आत थंड होतं. आणि आई मोठ्यानं वाचायची. तेही कुणासाठी म्हणून नव्हे. सुटं पान जागच्या जागी लागलं की नाही हे ती मागच्या पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ वाचून ताडून बघायची. बस, एवढंच. पण एका पोरानं विचारलं, “मंग? वाघ गेला का?” आणि आईनं पुढचं पानही वाचलं. हात खळीत आणि तोंड गोष्टीत, असं तिचं काम सुरू झालं. आईचा आवाज काही गोड नव्हता. जरा खरखरीत, एकसुरी, पण कुठंही घाई नसलेला. ताटीवरून पाणी ठिबकायचं, बाहेर ऊन भणभणायचं, आणि एकेक पोर सतरंजीवर आडवं व्हायचं. गोष्ट अर्ध्यात यायची तोवर खोलीभर श्वास ऐकू यायचे.

दुसऱ्या कुणाला राग आला असता. आई हसली आणि तिनं एक नियम केला. “जो झोपला त्यानं उठल्यावर पुढचं सांगायचं. पुस्तकात काय हाय ते मंग पाहू.” त्यामुळे एकेका गोष्टीला तीन-चार शेवट व्हायचे. एकाचा वाघ शाळेत जायचा, एकीचा राजा रसवंतीवर कामाला लागायचा. मग भांडणं. मग खरं काय ते बघायला पोरं पुस्तकावर तुटून पडायची, ज्यांना वाचता येत नव्हतं ती वाचणाऱ्याच्या खांद्यावर लोंबकळायची. पुस्तकातला शेवट पुष्कळदा सगळ्यांत फिका निघायचा. पुढे मी वाचनसंस्कृती या विषयावर बरंच काही ऐकलं आणि बोललेही, पण पोराला पुस्तकाची एवढी निकड लागलेली मी पुन्हा फारशी पाहिली नाही.

एक मुलगी मात्र कधीच झोपली नाही. मंदा. माझ्याहून दोन-एक वर्षांनी मोठी, शाळा सुटलेली. धाकटा भाऊ बाळ्या कायम तिच्या कडेवर. ती उंबऱ्यावर बसायची, दार तिच्या अंगाएवढं उघडं ठेवून, अर्धी सावलीत आणि अर्धी उन्हात. बाळ्या झोपायचा, ती जागी. कारण गल्लीच्या टोकाकडच्या तिच्या घरातून कधीही कामाला हाक यायची, “मंदेऽऽ, ये मंदेऽऽ!” आणि ती गोष्टीच्या मधूनच उठायची. ज्याला झोप नाही त्याला पुढचं सांगायची पाळीही नाही, म्हणून मंदाचा शेवट आम्ही कधी ऐकला नव्हता. लहान मुलांच्या कपाटातलं तिला पुरत नव्हतं आणि मोठ्यांच्या कपाटाला हात लावायची तिला मुभा नव्हती. आईनं एक दिवस बालविभागाच्या कपाटाचा मधला कप्पा रिकामा केला आणि त्यात प्रवासाची, हेरगिरीची, शिवणकामाची, बायकांनी स्वतःबद्दल लिहिलेली अशी पुस्तकं आणून ठेवली. “हा कप्पा ना लहानांचा ना मोठ्यांचा,” ती म्हणाली. “यातलं मी काही विचारणार नाही.” आज याला किशोर विभाग म्हणतात.

वाचनालयाचे कार्यवाह एक वकील होते. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. माणूस मनाचा चांगला, पण वाचनालयाची शिस्त म्हणजे त्याचा जीव की प्राण. एका दुपारी ते चष्मा विसरला म्हणून आले आणि मागच्या खोलीत डोकावले. सतरंजीवर पोरंच पोरं, कुणाच्या तोंडावर पुस्तक, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर.

“शांताबाई, हे वाचनालय हाय का धर्मशाळा?”

“पोट्टे आयकता आयकता झोपले, साहेब.”

“मंग घरी झोपावं ना! घरी जागा नाही का त्याईले?”

“नाही ना साहेब,” आई म्हणाली.

वकीलसाहेबांनी पुष्कळ उलटतपासण्या घेतल्या असतील, पण या उत्तरावर त्यांनी नुसता चष्मा शोधला. तो डोळ्यांवर चढवून ते गेले. दोन दिवसांनी त्यांनी आईला बोलावून सांगितलं की अमरावतीला ग्रंथपालांचा उन्हाळी वर्ग सुरू होतोय, आपल्या वाचनालयाला एक जागा मिळू शकते, आणि ती कुणाला द्यायची हे तपासणीला येणारे साहेब ठरवतील. वर्ग केला तर आई ग्रंथपाल होईल. नाही तर बाहेरून शिकलेला माणूस आणावा लागेल. “त्या दिवशी सतरंजी दिसली नाही पायजे,” ते म्हणाले. “गोष्ट नाही, काही नाही. पोट्टे बाकावर, पाठ सरळ, हातात पुस्तक. एक बी झोपला तं तुमची अमरावती गेली समजा.”

त्या संध्याकाळी आईनं चिकाला हात लावला नाही. बाबा जेवून उठले तेव्हा म्हणाली, “दुसरं कोनी आलं तं आधी ते खोली बंद होईन.” बाबांनी हात पुसले. “मंग तूच जाजो. पुढची सीट राखून ठेवतो.” मला रडू यायला लागलं, आणि नेमकं कशाचं ते मला सांगता येईना. आई निवडली गेली नाही तर खोली जाणार होती, आणि निवडली गेली तर आई जाणार होती.

तपासणीच्या दिवशी जी चूक झाली ती फक्त वऱ्हाडातच होऊ शकते. वकीलसाहेबांनी साहेबांना तपासणीआधी घरी रसाला बोलावलं. मे महिन्यात पाहुणा दारावरून रस न खाता गेला तर आमच्याकडे माणसं तोंड दाखवायला लाजतात. साहेब देशावरून नुकतेच बदलून आलेले, सडसडीत, त्यांना रस म्हणजे वाटीभर असतो असं वाटत होतं. वकिलीणबाईंनी त्यांना आंब्याचा रस वाढला, रसावर तूप, तुपावर पोळ्या, मग कुरड्या, मग काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे, आणि सरगुंड्यांना रस पुरला नाही म्हणून पुन्हा रस. वकीलसाहेबांनी पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून त्यांच्या बरोबरीनं खाल्लं. मग दोघं भर उन्हात चालत वाचनालयात आले.

आम्ही बाकांवर बसलो होतो. शाळेचे गणवेश, पाणी लावून चापलेले केस, पाठी सरळ. मंदासुद्धा त्या दिवशी बाकाच्या टोकाला, मांडीवर बाळ्या. ताटी मात्र ओली होती. साहेब येणार म्हणून तिच्यावर दुप्पट पाणी मारलं होतं. साहेब आत आले, तो गारवा त्यांच्या तोंडावर आला आणि ते क्षणभर थबकले. डोळे लालसर, हालचाल जड. टेबलावर आई एक पुस्तक दुरुस्त करत होती. “हे कसं करता?” त्यांनी विचारलं. आई म्हणाली, “पान बरोबर लागलं का ते वाचून पाहावं लागते.” साहेब खुर्चीत, म्हणजे त्या रिकाम्या खुर्चीतच, टेकले. “मग वाचा की,” ते म्हणाले.

आईनं वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेब काय करणार? साहेबांचा हुकूम. आई वाचू लागली. एक मुलगी नदीच्या वाळूत टरबुजांची वाडी राखत बसलेली असते, आणि वरच्या अंगानं एक लाकडी दार वाहत येतं. चौकटीसकट, बाहेरून कडी घातलेलं. मुलगी ते ओढून वाळूवर आणते, उभं करते. इकडून पाहिलं तरी वाळू, तिकडून पाहिलं तरी वाळू. पण कडीला हात लावला तर कडी गार लागते. आईचा आवाज नेहमीसारखा, खरखरीत, बिनघाईचा. साहेबांची मान एकदा खाली गेली, वर आली, पुन्हा गेली, आणि मग वर आली नाही. वकीलसाहेबांनी स्वतःला चिमटा घेतलेला मी पाहिला. त्यांनी खांबाला पाठ लावली, “हं, हं, पुढं,” म्हणाले, आणि उभ्याउभ्या त्यांचा डोळा लागला. आम्ही सगळी पोरं टक्क जागी. आयुष्यात पहिल्यांदा एकही झोपलं नव्हतं. आईनं पान उलटलं आणि आवाज थोडा खाली आणला.

ताटीवरचं ऊन सरकलं तेव्हा साहेब दचकून जागे झाले. चष्मा सावरला, रुमाल काढला. खोलीत कुणी हसलं नाही. बाळ्या सोडला तर सगळ्यांत लहान आस्मा उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, आता तुमी सांगा.”

“चूप वं!” वकीलसाहेब खांबापासून ओरडले.

“काय सांगू?” साहेबांनी विचारलं.

आईचा चेहरा उतरला होता, पण ती सरळ बोलली. “इथं एक नियम हाय साहेब. जो झोपला त्यानं पुढचं सांगायचं.”

मला वाटलं, गेली अमरावती. साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, “तिनं कडी काढली. आत आमच्या गावचं स्वयंपाकघर होतं. आई भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, हात धुऊन ये.” एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला. 

“अन् मंग टरबुजं कोन राखली?” आस्मानं विचारलं.

साहेब हसायला लागले, डोळे पुसत हसायला लागले. “ते माझ्या लक्षातच आलं नाही,” ते म्हणाले. जाताना वकीलसाहेबांना सांगितलं, “बाईंना वर्गाला पाठवा. आणि त्या येईपर्यंत दुपारची ही खोली चालू राहिली पाहिजे. चालू नसेल तर त्यांनी शिकून येऊन करायचं काय?”

“कोन चालवन?” वकीलसाहेबांनी आईला विचारलं.

“कुंदा,” आई म्हणाली. कुंदा म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

आई बाबांच्याच बसनं गेली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी, नवीन चप्पल. गल्लीतल्या बायका विचारत होत्या, “लेकरं टाकून कुठं चालली वं शांता?” आणि ती सगळ्यांना एकच सांगत होती, “शायेत,” म्हणजे शाळेत. तिला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती, आणि मला तिचा इतका रागही कधी आला नव्हता.

मी वाचायला लागले. शाळेत बक्षीस मिळवणारं वाचन माझं, ठणठणीत, हातवाऱ्यांसकट. वाघ आला की मी गुरगुरायचे. पोरं दोन-तीन दिवस बघत राहिली, मग चुळबुळू लागली, मग येईनाशी झाली. कुणी झोपत नव्हतं, म्हणून उठून सांगायलाही कुणी नव्हतं, आणि पुस्तकात काय आहे याच्याशी कुणाला घेणंदेणं उरलं नव्हतं. आई परत येईल तेव्हा माठ, ताटी आणि मी एवढेच असू, या विचारानं मी ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसायचे. बाबांच्या ते लक्षात आलं. बूट काढता काढता म्हणाले, “गाडीतले लोक झोपले की मले समजते गाडी बरोबर चालून राहिली. तू पोचायची घाई करून राहिली, पोरी.”

दुसऱ्या दिवशी जेमतेम चार-पाच पोरं होती. आस्मा म्हणाली, दाराची गोष्ट वाच. मी ताटीवर पाणी मारलं, सतरंजीवर भिंतीला टेकून बसले आणि हात मांडीखाली दाबून ठेवले, म्हणजे हातवारे होणार नाहीत. वाचताना मी बाबांच्या बसचा विचार करत होते, रात्रंदिवस त्याच रस्त्यावरून जाणारी, तरी कधी न उसासणारी. मुलगी, वाळू, टरबुजं, दार. आस्मा कलंडली. मग तिच्या शेजारचा. बाळ्या रांगत माझ्याकडे आला आणि माझ्या गुडघ्याला डोकं लावून झोपला. मी मान न उचलता दाराकडे पाहिलं. मंदाचं डोकं चौकटीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, एक हात उन्हात तसाच पडलेला.

तेवढ्यात हाक आली. “मंदेऽऽ! ये मंदेऽऽ!”

झोपेतच तिच्या कपाळावर आठी पडली. जी पोरं जागी होती ती माझ्याकडे पाहायला लागली. मी बाळ्याचं डोकं सतरंजीवर ठेवलं, आणि वाचतच, आवाज तसाच ठेवून, उठले. मंदाचा उन्हातला हात आत घेतला, पाय आत घेतले, दार लावलं आणि कडी घातली. मग जाग्यावर येऊन बसले. हाक पुन्हा आली, ताटीच्या पलीकडून, बारीक. मग आली नाही.

मंदा उठली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. तिनं तोंड पुसलं, बाळ्या कुठं आहे ते पाहिलं, मग बंद दाराकडे पाहिलं.  आस्मा डोळे चोळत म्हणाली, “मंदाताई, आता तू सांग.”

मंदानं जरा विचार केला. “मंग त्या पोरीनं दार उघडलं,” ती म्हणाली. “आत गेली. अन् आतून कडी लावून घेतली.”

“मंग?”

“मंग काही नाही. पडून राहिली.”

“अन् टरबुजं कोन राखली?”

“राखतील आपली आपण,” मंदा म्हणाली. “एक दिवस.”

मग तिनं बाळ्याला कडेवर घेतलं, मधल्या कप्प्यातलं एक पुस्तक काखेत धरलं, कडी काढली आणि गल्लीत उतरली.